शपथ तुझी, वर्ग माझ्या गळ्यात

रेहाना, तुला जाऊन अजून महिना झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं म्हणे. तेही केलं. तुझ्या घरी अम्मींच्या शेजारी बसून दोन दिवस फक्त चांगलंच बोलले. आता खोलीत मी एकटी आहे, दार लावलेलं आहे, तेव्हा जे खरं आहे ते सांगते. तू मला अडकवून गेलीस.

तुझा जनाजा निघाला, पुरुष सगळे गेले आणि आम्ही बायका आतल्या खोलीत उरलो. तुझ्या चुलतवहिनीने चहाचा ट्रे फिरवला. माझ्यापाशी आली आणि आत बघून मोठ्याने म्हणाली, "हिला बिनसाखरेचा आणा गं. हिला पण तेच आहे, रेहानाचंच." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपलं वय एक, आजार एक, तेराव्या वर्षी दवाखान्याच्या एकाच बाकावर बसून पहिली सुई शिकलेल्या आपण दोघी. आता हिचा नंबर कधी, हेच त्यांच्या मनात होतं, दुसरं काय? मी मुकाट्याने तो चहा प्यायले. गंमत अशी की माझी शुगर तेव्हा उतरली होती, हात थरथरत होते आणि मला त्या क्षणी साखरच हवी होती. पण त्या एवढ्या नजरांपुढे साखर मागायची हिंमत झाली नाही. शेवटी मोरीत जाऊन कडी लावली आणि पर्समधली साखरेची पुडी तोंडात रिकामी केली. तूच बांधून दिलेली पुडी होती ती. तू असतीस तर त्या ट्रेसकट वहिनीला फैलावर घेतलं असतंस.

पुड्या बांधायला तूच बसवायचीस सगळ्यांना. काळेवाडीत तुझ्या अब्बांच्या गॅरेजच्या वरची ती खोली, खाली पाना पडल्याचा आवाज, जिन्यात ऑइलचा वास, आणि वर सतरंजीवर बसलेली अकरा ते पंधरा वर्षांची पोरं वर्तमानपत्राच्या कागदात दोन-दोन चमचे साखर बांधताहेत. खिशात एक, दप्तरात एक, उशाशी एक. हात कापले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली की पुडी तोंडात, आणि कारणं नंतर. शाळेत विज्ञान शिकवणारी तू, पण वर्गात फळा लावू दिला नाहीस. म्हणायचीस, फळा दिसला की पोरं पाठ करतात.

वर्ग गुरुवारी संध्याकाळी. कारण गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते आणि बाप घरी सापडतात. "आयांना सगळं ठाऊक असतं गं," तू म्हणायचीस, "मला बापांना जिना चढवायचाय." सुरुवातीला ते जिन्यातच उभे राहायचे, मोबाइल बघत. मग एक-एक पायरी करत वर आले. वर्गातल्या सानिकाचे वडील चाकणला वेल्डिंगला, तो माणूस पहिल्यांदा आत येऊन बसला तेव्हा तू त्यांच्या हातात सुई दिलीस आणि म्हणालीस, "दादा, संत्र्याला टोचा." दिवसभर लोखंड जोडणाऱ्या माणसाचा हात संत्र्यावर लटपटला. पोरं हसली, तेही हसले, आणि त्या दिवसापासून सानिकाची रात्रीची सुई ते घरी असले की तेच देऊ लागले.

आणि तुझा तो नियम. वर्गाची सुरुवात आकड्याने. गोल बसायचं आणि प्रत्येकाने सकाळचा आपला शुगरचा आकडा मोठ्याने सांगायचा. एकशे दहा असो नाहीतर चारशे, बाकीच्यांनी एकच शब्द म्हणायचा, "बरं." शाबास नाही, अरेरे नाही. मग ज्याचा आकडा त्यानेच विचारायचं, "पुढं काय करायचं?" आणि सगळ्यांनी मिळून ठरवायचं. आयानने एकदा सवयीने "बाप रे" म्हटलं तर तू त्याला सतरंजी झाडायला लावलीस. "आकडा म्हणजे घड्याळ," तू म्हणालीस. "पावणेसहा वाजले म्हणून आपण कुणाला वाईट म्हणतो का? ओरडा बसला की पोरगं पुढच्या वेळी खोटा आकडा सांगतं, आणि खोट्या आकड्यावर खरं इन्सुलिन घेतलं की जीव जातो." मला तेव्हा वाटायचं, हे तुला शिकवता शिकवता सुचलं असणार.

भांडलो तर किती! नवरात्रात सानिकाने उपास धरला. तिच्या आईला वाटलं, बरंच झालं, खाणं कमी तर शुगर कमी. आणि पोरीला सकाळ-संध्याकाळ साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस, वर राजगिऱ्याचा लाडू. आकडा गगनाला भिडला. मी म्हटलं, उपास बंद कर म्हणून सरळ सांग. तू म्हणालीस, "मला रोजे कुणी बंद करायला लावले तेव्हा मी काय केलं होतं? लपून धरले. तिला लपायला नको लावूस." आणि तासभर बसून तिला भगरीची वाटी आणि दाण्याची आमटी शिकवलीस, सुई किती घ्यायची हे डॉक्टरांना फोन लावून तिलाच विचारायला लावलंस. मी चिडून घरी गेले. आजही मला वाटतं उपास नकोच होता. पण पोरगी तुझ्याशी कधी खोटं बोलली नाही, हेही खरं.

तिच्या शाळेतला प्रसंग आठवतो? तपासणीत दप्तरातली साखरेची पुडी सापडली आणि बाईंनी ती काढून घेतली. "तुला शुगर आहे आणि साखर खातेस? आईला सांगू का?" खेळाच्या तासाला सानिका मैदानात खाली बसली. मैत्रिणीच्या डब्यातल्या पुरणपोळीने वाचली. दुसऱ्या दिवशी तू रजा टाकून त्या शाळेत गेलीस, मलाही ओढलंस. वाटलं, आता त्या बाईंची धडगत नाही. आणि तू त्यांच्यापुढे बसून इतक्या गोडीत म्हणालीस, "बाई, तुमचं बरोबरच होतं, कुणालाही तसंच वाटतं. पण ही साखर खाऊ नाही, औषध आहे. हिची शुगर कधी खाली येईल ते तुमच्याच लक्षात आधी येणार, तिच्या आईच्या नाही. म्हणून एक पुडी तुमच्याकडे पण ठेवा." त्या बाईंनी ती पुडी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. बाहेर पडल्यावर तू रिक्षात बसलीस आणि रडलीस, रागाने. मी तुला तसं रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

आता ते दुसरं.

तू मशीनवर जायला लागलीस तेव्हा ते ठाऊक होतं फक्त अम्मी-अब्बांना, तुझ्या भावाला आणि मला. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, बाकीचे दिवस शाळा, आणि गुरुवारी वर्ग. मशीनच्या सुयांसाठी हातावर केलेली ती फुगलेली शीर झाकायला लांब बाह्यांचे कुर्ते शिवून घेतलेस. पोरींना वाटायचं मॅडमची स्टाइल आहे. सानिकाने दिवाळीला आईकडे तसाच ड्रेस मागितला. मी चाकणहून शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसने यायची, तळेगाव चौकात कांद्याच्या गाड्यांमागे बस अडकली की तिथूनच तुला फोन करायची, आणि पोचले की तुझ्या खाटेशेजारी बसायची. त्या खोलीत सगळी मशीनं एका लयीत घरघरायची. तू डोळे मिटून विनोद करायचीस.

तिथंच एकदा मी विचारलं, "अगं, तू तर माझ्याइतकीच नीट घेत आलीस. मग तुझ्याच किडन्या का?" तू डोळे उघडलेस. मग हसायला लागलीस. म्हणालीस, "आमच्या घरच्या गादीला कधी शुगर होणार नाही बघ. एवढं इन्सुलिन प्यायलीय ती."

पंधराव्या वर्षापासून कॉलेज संपेपर्यंत. तेव्हा आपल्याला दिवसाला दोनच सुया असायच्या. सकाळची अम्मी समोर उभ्या राहायच्या म्हणून घ्यायचीस. रात्रीची गादीला. का, तर आपण शिकायला गेलो होतो त्या दवाखान्यात एका गृहस्थांनी आपल्याला भिंतीवरचं चित्र दाखवलं होतं, काळा पडलेला पाय, आणि म्हणाले होते, नीट वागला नाहीत तर हे, आणि नीट वागलात तरी कुणी सांगावं. मी घाबरून नीट वागले. तू घाबरून उलट विचार केलास, होणारच असेल तर कशाला टोचून घेऊ? त्या वयाच्या पोरीने काय विचार करायचा होता दुसरा? बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी तू आपणहून पुन्हा नीट सुरू केलंस, त्यानंतर एकही चुकवली नाहीस, आणि पोरांना शिकवायला लागलीस. कुणाला घाबरवायचं नाही, कुणाच्या आकड्याला वाईट म्हणायचं नाही, हा नियम तुला शिकवता शिकवता सुचला नव्हता, रेहाना. तो त्या गादीवर सुचला होता.

मी म्हटलं, सांगू या पोरांना. यापेक्षा मोठा धडा कुठला? तू माझं मनगट धरलंस, सुई असलेल्या हाताने, आणि मला भीतीच वाटली. "मशीनचं नाही सांगायचं. गादीचं तर मुळीच नाही. मी त्यांना दर गुरुवारी सांगते लपवू नका, आणि मीच... त्यांच्यापुढे मी वाईट ठरेन, माधुरी. शपथ घे." मी म्हटलं, तुझी. तर म्हणालीस, "माझं काय, मी अर्धी गेलेलीच आहे. तुझ्या आईची घे." माझी आई तिकडे लातूरला निवांत शेंगा निवडत बसलेली, तिला कशाला मध्ये ओढलंस? पण घेतली. कंपनीत मी दिवसभर मायक्रोमीटर लावून पार्ट तपासते, डोळ्यांना दिसेल तेवढंच मानते, आणि आईची शपथ म्हटल्यावर माझी जीभ टाळ्याला चिकटली. तू मला चांगलीच ओळखत होतीस.

मग तू गेलीस, आणि मशीनचं तर तुझ्या दारातच फुटलं. पोरं आईबापांबरोबर आली होती. शेजारची कुणीतरी डोळे पुसत म्हणाली, "किडन्याच गेल्या होत्या बिचारीच्या, केव्हापासून मशीनवर होती." मी पोरांचे चेहरे पाहिले. त्यांना अर्धं कळलं होतं, आणि उरलेलं अर्धं माझ्या तोंडात कुलूप लावून ठेवलेलं होतं.

पुढच्या गुरुवारी मी वर गेले. जाऊ नये असं फार वाटत होतं. अब्बांनी खाली शटर उघडं ठेवलं होतं, मला बघून नुसती मान हलवली. पोरं गोल बसलेली. आकडे सांगितले, "बरं" म्हटलं, सगळं तुझ्यासारखं. मग सानिका म्हणाली, "ताई, मॅडम सगळ्या सुया नीट घ्यायच्या ना?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुझ्या घरातल्या त्या बायकांसारखेच, पण या नजरांना मला उत्तर द्यायचं होतं. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर शपथ. मी पायाची काळजी कशी घ्यायची ते सांगायला लागले. बोटांच्या मधली जागा कोरडी ठेवा, चपलेत खडा आहे का बघा. कुणी ऐकत नव्हतं. त्या रात्री स्वतःची सुई भरताना माझ्याही मनात तेच आलं. चार वेळा टोचायचं, उठल्यापासून झोपेपर्यंत मोजायचं, सुट्टी नाही, रजा नाही, राजीनामा नाही, आणि शेवट तुझ्यासारखा. मी सुई घेतली. पण हात थांबला होता, हे तुला कळायला हवं.

सानिकाचा थांबला तो थांबलाच.

तिच्या आईचा फोन आला तेव्हा मी कंपनीत लाइनवर कामाला उभी होते. "ताई, लेकराला दवाखान्यात आणलंय ओ. नुसत्या उलट्या, श्वास कसा जोरात चाललाय. दोन दिवस झाले सुई घेतलीच नाही म्हणं. हिचे पप्पा रात्रपाळीला, मला म्हणायची घेतली, अन् मोरीत सांडून यायची. तुमचंच ऐकंल ती. मॅडम तर नाहीत आता." सुपरवायझरला सांगितलं आणि निघाले. मधल्या वेळेला बस नाही, मिळेल त्या गाडीत बसले. वाटभर तुला शिव्या देत होते. मोरी काय आणि गादी काय! तू जे लपवलंस तेच ती पोरगी तुला न विचारता करून बसली होती.

दवाखान्याच्या फाटकातून आईला फोन लावला. म्हटलं, "आई, तुझी शपथ घेतलेली मोडतेय. चालेल का?"

आई म्हणाली, "पोरीच्या जिवाचं हाय का काही?"

"हो."

"मग विचारतीस काय? तुझ्या बापानं तंबाखू सोडतो म्हणून माझ्या किती शपथा मोडल्या. हाय की मी ठणठणीत."

वॉर्डात सानिका भिंतीकडे तोंड करून पडली होती. हाताला सलाइन, ओठ सुकलेले. जिवावरचं टळलं होतं, डॉक्टर म्हणाले, पण घरी जाऊन पुन्हा तेच केलं तर आम्ही काय करणार? तिची आई बाहेर गेली. मी स्टुलावर बसले. ती भिंतीलाच म्हणाली, "मॅडम सगळं करायच्या. मोजून खायच्या, चारही सुया घ्यायच्या. तरी किडन्या गेल्या. मग मी कशाला करू? सुटका तर नाहीच ना कुणाची?"

तुझे शब्द, रेहाना. मधे इतकी वर्षं गेली, तू एवढी पोरं शिकवलीस, आणि तुझेच शब्द तुझ्याच पोरीच्या तोंडून परत आले.

मग मी सांगितलं. चित्रातला काळा पाय, रात्रीची सुई, गादी, लांब बाह्या, सगळं. तुझा विनोदही सांगितला. म्हटलं, "तिने नंतर सगळं नीट केलं, म्हणून तर एवढी वर्षं मिळाली, म्हणून तुम्हाला भेटली. पण आधीचा मार बसला होता तो बसलाच. आणि सानिका, नीट घेतलं तर कधीच काही होणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. कुणीच देऊ शकत नाही. पण मी त्याच बाकावर बसले होते, त्याच दिवशी, तिच्या शेजारी. आज तुझ्या शेजारी बसलेय. मला एवढंच माहितीय."

ती वळली आणि वर पंख्याकडे बघत राहिली. मी वाट बघत होते. खोटारड्या म्हणेल, मॅडमनी आम्हाला फसवलं म्हणेल. तू ज्या शब्दाला मरेपर्यंत घाबरलीस तो शब्द आता या पोरीच्या तोंडून येणार, आणि तो मला ऐकावा लागणार.

"कॉलेज संपेपर्यंत?" तिने विचारलं.

"हो."

"रोज रात्री?"

"जवळजवळ रोज."

सानिकाने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा गुरुवारचा होता, सतरंजीवर गोल बसल्यावर असतो तसा.

"बरं," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी स्टुलावर बसूनच रडले. तिने मला रडू दिलं. मग सलाइनचा हात सांभाळत उठून बसली आणि नर्सच्या टेबलाकडे बघत तिने विचारलं, "ताई, पुढं काय करायचं?"